चतुराचं लॉकेट: घडण चोख, पुस्तिका अर्धीकच्ची

लॉकेटला पाचापैकी चार तारे, सोबतच्या पुस्तिकेला दोन, कुरिअरला शून्य. सरासरी ज्यानं त्यानं काढावी.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. ‘ड्रॅगनफ्लाय आध्यात्मिक संच’ असं छापलेला पुठ्ठ्याचा डबा. आत पितळेचं चतुराचं, म्हणजे ड्रॅगनफ्लायचं, लॉकेट, साखळी, कापडी बटवा, निळ्या काचेची एक वाटी आणि चोवीस पानी मराठी पुस्तिका. किंमत ८४९ रुपये, फक्त ऑनलाइन. मी स्वतः मागवला नाही. माझी भाची नागपुरात प्राणिशास्त्र शिकते, तिनं वाढदिवसाला पाठवला. तरी लिहायला बसले, कारण दागिने आणि चतूर, या दोन्ही गोष्टींतलं मला थोडंफार कळतं. भंडारा जिल्ह्यात लाखांदूरच्या बाजूला आमचं जनरल स्टोअर्स आहे. बांगड्या, बेंटेक्स, पिना, रिबिनी, सगळं. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडयांत, म्हणजे जत्रांत, दुकान लावते. आणि घरामागे धानाच्या बांध्या, त्यांच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे पाणी साठवायचं लहान तळं. पाऊस सुरू झाल्यापासून थंडी पडेपर्यंत चतूर आमच्या अंगणातच असतात.

लॉकेट हातात घेतलं की पहिली गोष्ट कळते, वजन. पत्रा दाबून काढलेला पोकळ माल नाही, ओतीव आहे. कडा घासून गोल केल्यात, साडीच्या पदराला किंवा मफलरीला अडकत नाहीत. बाजारात दोनशे रुपयांत मिळणारी फुलपाखरं आठ दिवसांत पदर फाडतात, त्या मानानं काम नीट आहे. वरची कडी मात्र जोडकडी आहे, टाका मारलेला नाही. नखानं दाबली तर फट दिसते. घेतलंत तर गावातल्या सोनाराकडून तेवढा टाका मारून घ्या, वीस-तीस रुपयांचं काम आहे, नाहीतर धानाच्या कापणीत लॉकेट कुठं पडलं ते कळणारही नाही.

साखळीबद्दल न बोललेलं बरं. हुकाजवळचं पॉलिश मला येतानाच उडालेलं मिळालं. मी ती काढून ठेवली आणि काळ्या गोफात लॉकेट ओवलं, ते जास्त शोभतंही. पितळ आहे, घामानं काळं पडणार, मानेवर हिरवट डागही येणार. चिंचेनं घासलं की परत लखलखतं. पुस्तिकेत मात्र लिहिलंय की काळं पडलं तर ‘लॉकेटनं तुमची नकारात्मकता शोषली’ असं समजावं. माझ्याकडं तक्रार घेऊन येणाऱ्या बायांना मी असं सांगितलं असतं तर दुकान केव्हाच बंद झालं असतं.

आता कारागिरी. चारही पंख आडवे पसरलेले दाखवलेत, ते बरोबर. बसतानाही चतूर पंख असे उघडेच ठेवतो. टाचणी, म्हणजे त्याची ती काडीसारखी बारीक बहीण, बहुतेक वेळा पंख मिटून पाठीवर घेते. पुष्कळ दागिन्यांत ही दोन एकमेकांत कालवलेली असतात, इथं नाही. पण पुढचे-मागचे पंख एकाच मापाचे केलेत. खऱ्या चतुराचा मागचा पंख बुडाशी रुंद असतो. प्रत्येक पंखाच्या टोकाजवळ पुढच्या कडेला एक गडद ठिपका असतो, तोही गाळलाय. काळ्या मीन्याचे चार थेंब टाकले असते तर काम झालं असतं. डोळे मात्र झकास जमलेत, अर्धं डोकं व्यापणारे, माथ्यावर एकमेकांना टेकलेले. भाची म्हणते, मोठ्या चतुराच्या एका डोळ्यात हजारो बारीक डोळे असतात, काहींत तीस हजारांपर्यंत. म्हणूनच त्याला मागून पकडायला जाणारा पोट्टा दहादा हात मारतो आणि दहादा रिकामा परततो.

सासूबाईंनी लॉकेट पाहिलं आणि म्हणाल्या, “गळ्यात चतूर कोन घालते वो? पोट्टे त्याच्या शेपटीले दोरा बांधतेत, तू आपल्या गळ्याले बांधून रायली.” परीक्षण इथंच संपवता आलं असतं.

पण पुस्तिकेवर बोलायला हवं, कारण विकणाऱ्यानं निम्मे पैसे तिचेच लावलेत असं दिसतं. वाक्यं वाचली की कळतं, कुठल्या तरी इंग्रजी मजकुराचं मशीननं मराठी केलंय. ‘ड्रॅगनफ्लाय तुम्हाला तुमच्या सत्याकडे आमंत्रित करते.’ माझ्या सत्याकडं मला कोण आमंत्रण देणार, मी तिथंच राहते. भाषा सोडा. माझी खरी तक्रार अशी की जगभरच्या लोकांनी चतुराबद्दल किती वेगवेगळ्या गोष्टी रचल्या, आणि या पुस्तिकेनं त्या सगळ्यांतून ‘परिवर्तन, शांती, सकारात्मकता’ एवढाच काढा काढलाय.

जपानचंच घ्या. पुस्तिका म्हणते, जपानमध्ये चतूर शांतीचं प्रतीक आहे. अहो, तिथं तो सामुराईंचा किडा! त्याला विजयाचा किडा म्हणत, शिरस्त्राणांवर, तलवारीच्या मुठीच्या नक्षीत, कपड्यांवर काढत, कारण तो सरळ पुढं झेपावतो, माघार घेत नाही अशी समजूत होती. कथाही तशीच आहे. युर्याकू नावाचा सम्राट योशिनोच्या रानात शिकारीला गेला, दंडावर गोमाशी येऊन चावली, आणि कुठूनसा चतूर आला आणि ती माशी उचलून घेऊन गेला. सम्राट इतका खूश झाला की त्यानं त्यावर गाणं रचलं. आठव्या शतकातल्या त्यांच्या जुन्या ग्रंथांत ही कथा आहे, आणि त्या देशाच्या एका जुन्या नावातही चतूर आहे. ही गोष्ट पुस्तिकेत असती तर मी ती गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या सांगितली असती. गोमाशीचा डंख काय असतो ते बैल राखणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. राहता राहिलं माघार न घेण्याचं. बोडीवर पाच मिनिटं थांबा, चतूर जागच्या जागी तरंगतो, आडवा सरकतो, मागंही उडतो. सामुराईंना हे कोणी सांगितलं नसावं.

युरोपचं पान तर गाळूनच टाकलंय, कारण तिथं चतूर बदनाम. इंग्रजी मुलुखांत त्याला सैतानाची शिवणसुई म्हणत. खोटं बोलणाऱ्या पोराचं तोंड तो झोपेत शिवून टाकतो, असं आया सांगायच्या. स्वीडनमध्ये म्हणत की सैतान त्याचा तराजू करून माणसांचे आत्मे तोलतो. नॉर्वेत तो डोळे फोडणारा. रुमानियात तर संत जॉर्जचा घोडाच सैतानानं ताब्यात घेतला आणि त्याचा चतूर झाला, अशी कथा आहे. इंग्लंडात त्याला घोड्यांना डंख मारणारा ठरवला होता. वास्तविक चतुराला नांगीच नसते. तो घोड्यांभोवती फिरायचा तो त्यांच्या अंगावरच्या माश्या खायला. माश्या खाणाऱ्यावरच माशीचा आळ! आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेतात, रोगराई जावी म्हणून. त्याच दिवसांत बोडीवर चतूर मच्छर वेचत असतात, त्यांच्या नावानं कोणी आरोळी देत नाही.

विकणाऱ्यानं ही सैतानाची पानं घातली असती तर लॉकेट खपलं नसतं, हे व्यापारी म्हणून मला समजतं. तरी घालायला हवी होती. ज्याला एका देशात आया भुतासारखं दाखवत आणि दुसऱ्या देशात योद्धे कपाळावर मिरवत, असा किडा गळ्यात घालायला जास्त मजा येते.

पुस्तिकेतलं एकच पान मला मनापासून आवडलं. तेही ‘अमेरिकेतील आदिवासी मानतात’ असं सरसकट सुरू होतं, जणू तिथं एकच जमात आहे. भाचीला फोन केला तेव्हा कळलं की गोष्ट झुनी लोकांची, न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखातली. पीक भरघोस आलं म्हणून गाव माजलं, लोकांनी खेळ म्हणून धान्य, भाकरी एकमेकांवर फेकून मारल्या. मक्याच्या देवी रुसून गेल्या. दुष्काळ पडला, गाव उठून गेलं आणि घाईत एक मुलगा आणि त्याची धाकटी बहीण झोपलेलीच मागं राहिली. बहीण भुकेनं रडते म्हणून भावानं मक्याच्या ताटाचा गर आणि काड्या घेऊन तिला एक उडणारा किडा करून दिला. तो किडा जिवंत झाला, देवींकडं गेला, पोरांसाठी धान्य मागून आणलं. तोच पुढं चतूर झाला. त्या भागातल्या जुन्या भांड्यांवर चतूर काढतात तो उभ्या रेघेला दोन आडव्या रेघा एवढाच, आणि शेजारच्या नवाहो लोकांत तो स्वच्छ पाण्याची खूण आहे.

ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली. सुपातलं धान निवडता निवडता त्या ऐकत होत्या. “अन्न फेकलं ना, मंग जाईनच ते,” एवढंच म्हणाल्या. त्यांना त्यात परदेशी काही वाटलंच नाही.

आता ते पान, ज्यामुळं मी हे लिहायला घेतलं. ‘तुमच्यावर ड्रॅगनफ्लाय बसली तर दिवंगत प्रियजनांचा निरोप समजा.’ खाली ‘असा अनुभव आल्यास आमच्या संचासोबत फोटो पाठवा’ अशी ओळ. मला हे खटकलं. समजुतीत काही वाईट नाही. जपानात ऑगस्टच्या मध्यावर ओबोन असतो, आपल्या पितरांसारखाच, आणि त्या दिवसांत पूर्वज चतुराच्या पाठीवर बसून घरी येतात असं तिथले जुने लोक मानत, म्हणून पोरांना चतूर धरू देत नसत. आमच्याकडं पितृपक्षात छपरावर कागूर, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकतात, तो कावळ्यासाठी. पण वर पाहिलंत तर त्याच पंधरवड्यात आभाळ चतुरांनी भरलेलं असतं. बांध्यांवर, खळ्यावर, शाळेच्या पटांगणावर पिवळसर रंगाचे शेकडो, खाली न बसता नुसते घिरट्या घालणारे. हे कुठून येतात आणि कुठं जातात याची गोष्ट कुठल्याही पुस्तिकेपेक्षा मोठी आहे, आणि या पुस्तिकेत तिची एक ओळ नाही.

भाचीनं सांगितलेलं लिहिते. या जातीला शास्त्रात पँटाला फ्लॅवेसन्स म्हणतात. पावसाच्या साचल्या पाण्यात अंडी घालायची, ती डबकी आटायच्या आत दीड-दोन महिन्यांत पिलं मोठी करायची आणि पाऊस जिकडं सरकेल तिकडं निघायचं, असा यांचा संसार. मालदीवमध्ये राहणारे चार्ल्स अँडरसन नावाचे सागरी जीवशास्त्रज्ञ. त्यांच्या लक्षात आलं की दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला तिथं लाखो चतूर उतरतात, आणि त्या बेटांवर तर गोडं पाणी जवळजवळ नाहीच. मग हे आले कुठून? २००९ साली त्यांनी मांडलं की हे भारतातून येतात, परतीच्या वाऱ्यावर उंच उडत समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, आणि त्यांची पुढची पिढी पुन्हा आपल्याकडं येते. सगळ्या पिढ्यांचा फेरा मिळून १४,००० ते १८,००० किलोमीटर. जाणारा परत येत नाही, त्याची लेकरंबाळं येतात. पितरांशी नातं जोडायचंच असेल तर यापेक्षा मोठा आधार कुठं मिळणार होता? आणि पुस्तिकेनं मागितला काय, तर फोटो.

दुसरी गंमत हंगेरीची. तिथल्या एका दफनभूमीत काळ्या चकचकीत दगडांच्या थडग्यांवर चतूर घोटाळताना दिसायचे. कोणालाही वाटेल, आत्मे. गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की घासलेल्या काळ्या दगडावरून परतणारा प्रकाश पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशासारखाच असतो. चतूर पाणी याच खुणेवरून ओळखतो, म्हणून तो थडग्याला तळं समजतो. या कामाला २०१६ मध्ये आधी हसवून मग विचार करायला लावणारं ते इग नोबेल मिळालं. मला हे ऐकून नवल वाटलं नाही, कारण आमच्या काळ्या स्कूटीवर चतुरीण शेपटीचं टोक टेकवत टेकवत जाते ते मी रोज पाहते. तिला वाटतं अंडी पाण्यात पडली. हे निरोप वगैरे काही नाही, उन्हात वाळून जाणारी अंडी आहेत. तेव्हापासून स्कूटी गोठ्याच्या सावलीत लावते.

‘परिवर्तन’ हा शब्द पुस्तिकेत जिथंतिथं आहे आणि तिथंच सगळ्यात मोठी चूक. लिहिलंय, ‘कोशातून बाहेर पडणाऱ्या ड्रॅगनफ्लायप्रमाणे.’ कोश फुलपाखराला. चतुराला कोश नसतोच. त्याचं पिल्लू पाण्यात वाढतं, मातकट रंगाचं, सहा पायांचं, बोडीच्या गाळात दबा धरून बसलेलं. खालचा ओठ दुमडून तोंडाखाली ठेवलेला असतो, मच्छराची अळी टप्प्यात आली की तो झटक्यात पुढं येतो आणि टोकाच्या आकड्यांनी अळी धरून आत. बेडकाची पिलंसुद्धा सोडत नाही. शांतीचं प्रतीक! निंदणाच्या वेळी धानाच्या काडीला चिकटलेलं रिकामं कवच सापडतं. पाठीवर उभी चीर, आत पांढरे धागे लोंबलेले, पाय अजून काडीला घट्ट धरून. रात्रीत वर चढायचं, पाठ फाडून निघायचं, पंख सुकवायचे आणि उजाडता उजाडता उडून जायचं. एवढं सगळं बांधीत फुकट पाहायला मिळतं आणि पुस्तिकेत त्याजागी सूर्यास्ताचं चित्र आहे. धान करणाऱ्यांसाठी अजून एक, चतूर आणि टाचण्या तुडतुडेही खातात. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायच्या आधी हे लक्षात असलेलं बरं.

वाटीचा उपयोग कोणी करू नये असं मी स्पष्ट लिहिते. पुस्तिकेतला विधी असा: वाटीत पाणी घ्या, लॉकेट त्यात ठेवा, ईशान्य कोपऱ्यात अकरा दिवस हलवू नका, पाणी बदलू नका. पितळ पाण्यात अकरा दिवस ठेवलं तर हिरवं होईल हे एक. आणि घरात उघडं साचलेलं पाणी अकरा दिवस? आठ-दहा दिवसांत अंड्यापासून मच्छर तयार होतो. आमच्या आशाताई घरोघरी फिरून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात, टाकीतलं पाणी ओतायला लावतात, आणि इथं मच्छर खाणाऱ्याच्या नावानं मच्छर पोसायचा विधी सांगितलाय. वाटी चांगली आहे, मी तिच्यात टिकल्यांची पाकिटं ठेवते.

कुरिअरचं थोडक्यात. पत्ता पूर्ण होता, मोबाईल चालू होता, तरी ‘गाव सेवाक्षेत्रात नाही’ म्हणून तालुक्याला बोलावलं. तिथं गेल्यावर म्हणाले, जेवणाची सुट्टी आहे. डबा एका बाजूनं चेपलेला. आतला माल बटव्यात असल्यानं वाचला. गावात राहणाऱ्यांनी पोस्टानं पाठवायचा पर्याय दिसतो का ते पाहावं, आमचा पोस्टमन निदान घर ओळखतो.

घ्यावं की नाही? चतूर आवडत असेल, गळ्यात वेगळं काही हवं असेल, तर घ्या, पण कडीला टाका मारून आणि साखळी बदलून. कोणाचं माणूस नुकतंच गेलं असेल आणि त्या पानाकडं पाहून घ्यावंसं वाटत असेल तर घेऊ नका. निदान तो विधी करू नका आणि फोटो पाठवू नका. लेकराला द्यायचं असेल तर डबा द्या आणि पुस्तिका काढून घ्या, झुनीची गोष्ट स्वतः तोंडी सांगा.

मी विकणाऱ्याला लिहून विचारलंय की नुसतं लॉकेट, बिन पुस्तिकेचं, डझनाच्या भावात देता का. तीनशेच्या आत पडलं तर भाऊबीजेनंतरच्या मंडयांत ठेवीन, पंखांवर काळे ठिपके मात्र टाकून हवेत. उत्तर आलं, ‘आपल्या सकारात्मक ऊर्जेबद्दल धन्यवाद’. भाव अजून कळवलेला नाही.